किल्ले कॉपी होत आहेत

दादाला किल्ले बघायचे होते. कात्रजच्या त्याच्या सोसायटीत तो दर दिवाळीला मुलांना गोळा करून मातीचा किल्ला करायचा, आणि त्या सगळ्या किल्ल्यांचं चित्रीकरण माझ्याकडे होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीतल्या माझ्या घरी, माझ्या कॉम्प्युटरवर. ते पेनड्राइव्हवर घालायचं आणि त्याच्या टीव्हीला लावायचं, एवढंच काम होतं. त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तो पसरला होता. हॉस्पिटलने घरी पाठवलं होतं. डॉक्टरबाईंनी वहिनींना समजावून सांगितलं होतं की आता दुखू नये एवढंच आपल्या हातात आहे. दुखण्यावरच्या औषधाचा डोस वाढत जाईल, तसे ते जास्त जास्त झोपून राहतील. म्हणजे किल्ले बघायचे तर तो जागा असेपर्यंतच बघायला हवे होते. हे मला माहीत होतं. हे लिहायला बसलो आहे ते मला माहीत होतं म्हणूनच.

दादा दूध डेअरीत नोकरीला होता आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याला मूलबाळ नव्हतं. सोसायटीतली मुलं त्याला वर्षभर घाबरून असायची, कारण तो पार्किंगमध्ये क्रिकेट खेळू द्यायचा नाही. दिवाळीच्या आधी मात्र तीच मुलं त्याच्या दाराशी उभी राहायची, "काका, या वर्षी कुठला?" दादा आधीच ठरवून बसलेला असायचा. नवीन बांधकामांवरून माती आणायची, ती चाळायची, विटा आणि जुनी पोती रचून आतला सांगाडा करायचा, वर चिखल थापायचा, उतारांवर हळीव पेरायचे. बुरुज चुकला तर पाडून परत. बऱ्याच ठिकाणी दिवाळी संपली की मुलं किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवतात. दादाने ते कधी होऊ दिलं नाही. मावळे मोजून खोक्यात भरायचा, मग कुदळ घेऊन स्वतः किल्ला उतरवायचा आणि माती कुंड्यांमध्ये घालायचा.

मी दर वर्षी जायचो आणि शूटिंग करायचो. आधी माझा एक छोटा व्हिडिओ कॅमेरा होता, मग फोन. चिखलात हात मी कधी घातला नाही. कॅमेरा खराब होईल, हे कारण होतं आणि ते खरंही होतं.

त्या रविवारी मी भेटायला गेलो तेव्हा दादा हॉलमध्ये भाड्याने आणलेल्या पलंगावर होता. पलंग टीव्हीसमोर लावला होता. वहिनी आत त्याच्यासाठी पेज करत होत्या. मी खुर्ची ओढून बसलो. ऑफिस, ट्रॅफिक, सोलापूर रोडचं काम, असं काहीबाही बोलत राहिलो. त्याने ऐकून घेतलं. मग एकदम म्हणाला, "मी किती दिवस आहे रे?"

आवाज साधाच होता. बस कितीला आहे, असं विचारावं तसा. आत भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे वहिनींनीही ऐकलं असणार.

मी उठलो. टीव्हीच्या मागे गेलो आणि वाकून बघायला लागलो. "दादा, याला यूएसबी आहे का बघतो," मी म्हणालो. "म्हणजे तुला काहीतरी लावून देता येईल. नुसतं पडून कंटाळा येत असेल."

टीव्हीच्या मागे धूळ होती. मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिलो. माझं तोंड भिंतीकडे होतं आणि मला ते तसंच हवं होतं. थोड्या वेळाने मागून दादाचा आवाज आला.

"आहे का?"

"आहे. दोन आहेत."

"मग किल्ले आण. पहिल्यापासून ओळीने बघू. तू पण बस."

मी मोकळा झालो. आता मला काम होतं. "उद्या आणतो," म्हणून निघालो. वहिनी दारापर्यंत आल्या. "भावोजी, उद्या नक्की ना?" म्हणाल्या. "सकाळी ते बरे असतात. सकाळी या."

माझ्या घरचा कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला आहे आणि त्यावर कित्येक वर्षं लिनक्स आहे. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. हडपसरच्या एका कंपनीत आहे. पूर्वी कोणाचाही पेनड्राइव्ह लावला की व्हायरस यायचा, त्या वैतागात मी लिनक्सवर आलो आणि मग त्याचा अभिमान धरून बसलो. नातेवाईकांना सल्ले दिले, दोघातिघांच्या लॅपटॉपवर ते घालूनही दिलं. आपली यंत्रणा आपल्या हातात असते, आत काय चाललं आहे ते उघडून बघता येतं, हे माझं पेटंट वाक्य होतं. बायको पाहुण्यांसमोर डोळ्यांनी खुणावायची, आता पुरे.

एक गोष्ट मात्र तिथे जुनीच आहे आणि लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असते. पेनड्राइव्हवर मोठ्या फाइली टाकल्या की किती कॉपी झालं ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी सुरुवातीला झरझर पुढे सरकते. आपण खूश होतो. मग ती शेवटाजवळ येऊन थांबते आणि हलत नाही. कारण कॉम्प्युटर सगळा माल आधी स्वतःच्या मेमरीत ओढून घेतो आणि आपल्याला "होत आलं" म्हणून सांगतो. पेनड्राइव्हवर खरं लिहिणं मागाहून, संथपणे चालू असतं. पिंप भरभर भरावं आणि खालची तोटी बारीक असावी, तसं. स्वस्त पेनड्राइव्हची तोटी फारच बारीक असते. उपाय एकच, बसून राहायचं. पट्टी हलो न हलो, हात लावायचा नाही.

सोमवारी ऑफिसला सुट्टी टाकली आणि सकाळी कॉपी सुरू केली. पट्टी धावली, थांबली. मी चहा केला. परत येऊन बघितलं, तिथेच. तेव्हा मी ती तशीच सोडून आंघोळीला गेलो असतो, जेवलो असतो, तर काम झालं असतं. मी ती रद्द केली.

मनाशी म्हटलं, हे सुधारता येईल. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या फोरमवर शोधायला लागलो. जगभरची माणसं तिथे हीच तक्रार घेऊन आलेली. कोणी म्हणतं सेटिंगमधला अमुक आकडा कमी करा, कोणी म्हणतं वाढवा. पेनड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करा. पुढचं पोर्ट सोडा, मागचं वापरा. मी एकेक करून पाहत गेलो. प्रत्येक वेळी मधेच रद्द, पुन्हा पहिल्यापासून. एका पद्धतीने फॉरमॅट केला तेव्हा वेग थोडा वाढला, पण ती पद्धत टीव्हीला वाचता येत नाही हे मला आधीच माहीत होतं. तरी करून पाहिलं. एक सेटिंग असं लावलं की पट्टी अगदी प्रामाणिक झाली, जेवढं खरं लिहून झालं तेवढीच पुढे सरकायची. काम त्यामुळे आणखी हळू झालं. तेही मोडलं. दिवस असा गेला.

संध्याकाळी वहिनींचा फोन. "येताय ना? सकाळपासून विचारतायत."

"कॉपी चालू आहे वहिनी. उद्या सकाळी येतोच."

कॉपी खरंच चालू होती. मी खोटं बोललो नाही. त्या दिवसांत मी एकदाही खोटं बोललो नाही, हे आठवतं आणि लाज वाटते.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात? तो कॉम्प्युटरचा डबाच गाडीत घालून घेऊन जाऊ या ना. टीव्हीला वायर लावली की झालं."

तिला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही असं मी धरून चाललो होतो. तिचं म्हणणं बरोबर होतं. डबा गाडीत मावला असता, वायर घरात होती. मी म्हणालो, "हार्ड डिस्क जुनी आहे, खड्ड्यांतून नेली तर जायची. सगळंच जाईल."

"मग फोनवर घाला."

"फोनवर एवढंसं दिसणार. त्याला चष्मा लावता येत नाही आता, नाकाला टोचतो."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ताट उचललं. "तुमच्याकडे सगळ्याला उत्तर असतं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की पेनड्राइव्हच खराब आहे. नवीन घ्यायला बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. मांजरीत, हडपसरला कुठेही मिळाला असता. पण मी पीएमटीची बस पकडून गावात गेलो, गाडी असताना. पार्किंग मिळत नाही हे कारण. तिथल्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानात वायरी, रिमोट, चार्जर यांच्या गराड्यात एक पोरसवदा दुकानदार होता.

"फास्ट पाहिजे," मी म्हणालो.

"काका, फास्ट गाडी असते. हा पेनड्राइव्ह आहे."

"लिहिण्याचा स्पीड किती आहे? खोक्यावर वाचण्याचाच लिहिलाय."

"लिहिण्याचा कोणीच छापत नाही. छापला तर विकला जाईल का?" त्याने तीन प्रकार काउंटरवर टाकले. "हा घ्या, हा सगळे नेतात. काय घालायचंय? पिक्चर?"

"किल्ले," मी म्हणालो. तोंडातून गेलं. त्याने मान वर करून पाहिलं, मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तिथून कात्रजची बस मिळते. स्टॉपवर मी उभा होतो आणि कात्रज असं लिहिलेली बस माझ्यासमोर थांबली, दार उघडलं. हातात रिकामा पेनड्राइव्ह होता. रिकाम्या हाताने कसं जायचं, असं मनात आलं. बस गेली. मी घरी आलो.

घरी येऊन सुरू केलं, पट्टी धावून थांबली, तेवढ्यात दादाचाच फोन. वहिनींच्या फोनवरून. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट.

"काय रे, कुठपर्यंत आले किल्ले?"

"चालू आहे दादा कॉपी."

"आम्हाला बांधायला चार दिवस लागायचे. तुला नुसते उचलून आणायचेत."

"पेनड्राइव्ह स्लो आहे रे. नवीन आणलाय. हाही स्लोच निघाला."

"पेनड्राइव्ह का?" तो म्हणाला. मागे कुकरची शिट्टी झाली. "बरं. चालू दे."

त्याने मला पकडलं होतं, आणि सोडून दिलं. रविवारीही त्याने हेच केलं होतं, हे मला त्या फोनवर समजलं. त्याने मला एक खरा प्रश्न विचारला, मी टीव्हीच्या मागे पळालो, आणि मी तिथे अडकून राहू नये म्हणून त्याने मला किल्ले आणायला सांगितले. लहानपणी मी कोणाचं काही तोडून घाबरून कोपऱ्यात बसलो की तो मला असाच कामाला पाठवायचा, जा, नाक्यावरून साखर आण. साखर घरात असायची.

हे समजल्यावर तरी मी उठायला हवं होतं. समोरची पट्टी थांबलेली होती आणि मला ती थांबलेली बघून बरं वाटत होतं. ती हलत नव्हती तोपर्यंत मला कुठे जायचं नव्हतं. ती संपली असती तर मला त्या पलंगाशेजारी बसावं लागलं असतं, आणि त्याने परत विचारलं असतं. मी तिचा आणि अजून एका सेटिंगचा विचार करत बसलो. मग रद्द केलं. मेमरीत किती माल साठवू द्यायचा ती मर्यादा मी जवळजवळ उघडीच करून टाकली. कॉम्प्युटरमध्ये मी हौसेने भरपूर मेमरी घातलेली होती. सगळेच्या सगळे किल्ले तिच्यात मावणार होते.

बुधवारी सकाळी पुन्हा सुरू केलं. पट्टी जवळजवळ पळतच शेवटाला गेली आणि खिडकी बंद झाली. स्क्रीनवर लिहून आलं, पूर्ण. ते खरं नाही हे मला माहीत होतं. पेनड्राइव्हवरचा छोटा दिवा लुकलुकत होता, म्हणजे खालून लिहिणं चालूच होतं. मी म्हटलं, आता मात्र हात लावायचा नाही.

मग वहिनींचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. "रात्री फार दुखलं. सकाळी नर्सबाईंनी डोस वाढवला. आता डोळे उघडत नाहीयेत नीट. तुम्ही या." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी पेनड्राइव्ह ओढून काढला. माझ्यासारख्या माणसाने, ज्याने दहा जणांना बजावलं आहे की दिवा थांबल्याशिवाय, नीट इजेक्ट केल्याशिवाय काढू नका. इतके दिवस मला थांबायला कारण पुरत होतं. जेव्हा खरंच थांबायला हवं होतं तेव्हा मला थांबवेना.

बायको गाडीत येऊन बसली. कोंढव्याच्या बाजूने गेलो, तिथेही गाड्या तुंबलेल्या. पोचलो तेव्हा दादा उताणा पडला होता, तोंड किंचित उघडं. मी हाक मारली. पापण्या हलल्या. वहिनी म्हणाल्या, "लावा तुम्ही. ऐकू येतं म्हणे शेवटपर्यंत."

मी टीव्हीच्या मागे गेलो, परत तिथेच, आणि लावला. पडद्यावर सगळी नावं ओळीने आली, एकही कमी नाही. पहिला किल्ला सुरू झाला. कॅमेरा हलतोय, मुलांचा गलका, पणत्या. दादा पोटरीपर्यंत चिखलात, धोतराचं जुनं फडकं डोक्याला गुंडाळलेलं. कॅमेऱ्यामागून माझा आवाज, "दादा, इकडे बघ." तो बघतो आणि म्हणतो, "मला काय बघतोस, त्या तटबंदीचं घे." मुलं हसतात.

वहिनी त्याच्या कानाशी वाकल्या. "अहो, पहिला लागलाय. ऐकताय ना?"

त्याची बोटं चादरीवर हलली की मला तसं वाटलं, ते मी सांगू शकत नाही. पहिला किल्ला संपला. दुसरा लावला, तो थोडा चालला आणि मध्येच गोठला. आवाजाची एक घरघर आली आणि पडदा काळा झाला. तिसरा उघडलाच नाही. चौथा नाही. मी रिमोटने खाली खाली जात राहिलो. सगळी नावं होती, आत काही नव्हतं.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"कॉपी नीट झाली नाही."

"असू दे," त्या म्हणाल्या. "पहिलाच परत लावा."

मी तो परत लावला. मग परत. दादाच्या उशाशी खुर्ची होती, तिच्यावर बसलो. बायकोने माझा हात उचलून त्याच्या हातावर ठेवला, कारण मी तो ठेवत नव्हतो. हात कोरडा आणि गरम होता. त्याने मला काही विचारलं नाही. तो आता विचारू शकणार नव्हता आणि मी बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. डोळे त्याने उघडलेच नाहीत.

दादाचे दिवस झाल्यावर मांजरीला परत आलो. कॉम्प्युटर चालूच राहिला होता. मी सगळी सेटिंग्ज मूळची होती तशी केली, पहिलाच पेनड्राइव्ह, मला खराब वाटलेला तो, पुढच्याच पोर्टात लावला आणि कॉपी सुरू केली. पट्टी धावली आणि थांबली. मी उठून गेलो. दुपारी जेवून आलो तेव्हा ती संपलेली होती. सगळे किल्ले व्यवस्थित. एकेक उघडून पाहिला. म्हणजे त्या सोमवारी मी काहीच केलं नसतं, काहीही सुधारलं नसतं, तर जेवणानंतर निघून संध्याकाळी दादाबरोबर बसलो असतो. तो तेव्हा जागा होता. मंगळवारीसुद्धा फोनवर विनोद करत होता.

मी हे कोणाला सांगितलं नाही. भेटायला येणारे म्हणायचे, धाकट्याने फार केलं, शेवटी त्याचे किल्ले दाखवले त्याला. मी मान हलवायचो. बायको त्या वेळी उठून आत जायची.

महिन्याभराने वहिनींकडे गेलो. पलंग परत गेला होता, जमिनीवर त्याच्या पायांचे ठसे राहिले होते. त्या खाली बसून दादाची उरलेली औषधं वेगळी करत होत्या. न फोडलेली एका संस्थेला द्यायची होती. मी समोर बसलो.

"वहिनी," मी म्हणालो, "पेनड्राइव्ह स्लो होता. पण तेवढा स्लो नव्हता."

त्यांनी वर पाहिलं नाही. गोळ्यांची एक पट्टी उजेडाकडे धरून तारीख वाचत होत्या. "माहीत होतं," म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"त्यांना. मी तर चिडले होते तुमच्यावर. म्हटलं, असा कसा हा माणूस, एवढ्याशा कामाला इतके दिवस. तर मलाच म्हणाले, त्याला फोन करून टोचू नकोस. येईल तो, घाबरट आहे. तरी मी फोन करायचेच."

"अजून काय म्हणाला?"

"अजून काय म्हणणार? वाट बघायचे. बेल वाजली की दाराकडे बघायचे. दूधवाला असायचा." त्यांनी ती पट्टी बाजूच्या ढिगात टाकली. "मला तुमचा राग अजून आहे भावोजी. जाईल की नाही, सांगता येत नाही."

त्यांनी एक कापडी पिशवी पुढे सरकवली. "तोंड धरा हिचं," म्हणाल्या. मी दोन्ही हातांनी पिशवी उघडी धरली आणि त्या एकेक पट्टी आत टाकत राहिल्या.